जाळी वाचणारी आत्या

"काकू म्हणायला काका लागतो," ती म्हणाली. "मावशी म्हणायचं तर तुझ्या आयेला इचारावं लागंल. तू आपली आत्या म्हण. बापाची भन कुणाची बी होता येतं."

घोडनदी म्हणजे शिरूरमधल्या भंगाराच्या गोडाऊनमधला माझा तो पहिला दिवस होता. एमआयडीसीतल्या कंपनीनं आम्हा कंत्राटी बायकांना एकदम कमी केलं होतं, आणि ओळखीतल्या एका बाईनं सांगितलं होतं की नगर रस्त्याच्या कडेला एक शेठ रेडिएटर सोलायला माणसं घेतो. सोलायला म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. बकरं सोलतात, मका सोलतात. रेडिएटर कसा सोलायचा? मी दारात उभी राहून "काकू" अशी हाक मारली आणि हे उत्तर मिळालं.

समोर नऊवारीवर एसटी कंडक्टरचा जुना खाकी शर्ट घातलेली, पन्नाशी उलटलेली बाई उकिडवी बसली होती. गळ्यात ना मंगळसूत्र ना बोरमाळ. काळ्या दोऱ्यात ओवलेलं, स्पीकरमधून काढलेलं बशीएवढं लोहचुंबक तेवढं होतं. वाकली की त्याला आजूबाजूचे खिळे, वायसर जाऊन चिकटायचे आणि उठली की ती छातीवरून ते कुरमुऱ्यासारखे वेचून डब्यात टाकायची.

"तुम्ही शिकवाल ना, आत्या?" मी विचारलं.

"बापाच्या भनीला तुम्ही म्हणती व्हय?"

तेव्हापासून मी तिला 'तू' म्हणायला लागले. शेठ मात्र, वयानं तिच्याच बरोबरीचे असून, तिला अहो-जाहो करायचे. गोडाऊन त्यांचं होतं, पण रेडिएटरच्या कोपऱ्यात तिचं चालायचं.

काम तसं सोपं. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात: वर-खाली पितळेच्या टाक्या, मध्ये तांब्याची जाळी, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या. नव्या गाड्यांना ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असते. लोखंड छिन्नीनं उडवायचं, टाकी सुटी करायची, रबर ओढून काढायचं, स्क्रू वेचायचे आणि जाळीत अडकलेली घाण तारेच्या ब्रशनं झाडायची. तांबं तांब्यात, पितळ पितळेत. एसीच्या जाळ्या वेगळ्या. त्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यांतून तांब्याच्या नळ्या गेलेल्या असतात, त्या हलक्या हातानं सोडवाव्या लागतात. रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या गोडाऊनमध्ये सरळ पेटवून देत. रबर जळायचं, माल मोकळा व्हायचा, पाच मिनिटांत काम. आमच्या आत्यानं सहा वर्षांत एकदासुद्धा काडी ओढू दिली नाही.

"जाळल्यावर काय कळतं?" ती म्हणायची. "राख सगळ्याची सारखीच."

तिला काय कळून घ्यायचं होतं, ते मला पहिल्याच आठवड्यात दिसलं. रेडिएटर हातात आला की ती छिन्नी उचलायची नाही. आधी तो उन्हाकडे धरायची आणि जाळीत काय अडकलंय ते बघायची. मग केसातला आकडा काढून एकेक गोष्ट उकरायची आणि तळहातावर घ्यायची.

"ही गाडी उसात हिंडलीया. हे बघ, पाचट. आन् ही काळी भुकटी कारखान्याच्या धुराड्याची."

"हिच्यात तांबडी माती हाय. घाट उतरून गेलेली दिसतीया."

"ही बघ किती पाखरं! पावसाळ्यात राच्चं चालवली असणार कुणीतरी."

एकदा एका ॲल्युमिनियमच्या जाळीवर पांढरी खरपुडी आली होती. तिनं नख लावून ती जिभेला लावली, थुंकली, आणि म्हणाली, "खारट. दर्याकाठची गाडी." तिनं दर्या कधी पाहिला नव्हता. एका बाजूला नगर आणि दुसऱ्या बाजूला पुणे, याच्या पलीकडे ती गेलीच नव्हती. पण कुठल्या गावची माती कशी, कुठं बाजरी निघते आणि कुठं साळ, हे तिला जाळ्यांवरून ठाऊक होतं. एखादं फुलपाखरू पंखासकट निघालं तर ते फेकून द्यायची नाही. भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची. पावसाळ्यात ओल आली की ते गळून पडायचं, मग दुसरं.

ती चुकायचीही. एकदा एका जाळीत झेंडूच्या पाकळ्याच पाकळ्या निघाल्या. आत्या खुशीत आली. "लग्नाची गाडी! नवरी बसली आसंल हिच्यात. किती नवऱ्या बसल्या असतील!" ती जाळी साफ करताना तिनं हळदीची दोन गाणी म्हटली. दुपारी शेठ आले आणि सहज म्हणाले, "ती शववाहिकेची जाळी झाली का?" आत्या थबकली. मग उठली, बादली भरून आणली, ती जाळी पुन्हा एकदा धुतली. बऱ्याच वेळानं माझ्याकडे न बघता म्हणाली, "झेंडू तर त्योच की गं." 

रेडिएटरमधल्या हिरव्या पाण्याचा तिला भारी धाक. त्याला गोडसर वास येतो, चवही गोड, आणि ते विषारी असतं. मी येण्याआधी गोडाऊनमधलं एक मांजर ते चाटून मेलं होतं. तेव्हापासून ती थेंबन् थेंब कॅनमध्ये धरायची, सांडलं तर वर माती टाकायची, ती माती पुन्हा गोळा करायची. नव्या माणसाला कामाआधी हेच शिकवायची.

मी रोजे धरते. पहिल्या रमजानात माझ्या ध्यानात आलं की दुपारी आत्या दिसेनाशी होते. शोधायला गेले तर ती पत्र्याच्या शेडमागे, उन्हात, उभ्यानं पाणी पीत होती. "इथं का?" म्हटलं तर म्हणाली, "तुझ्यापुढं घोटघोट पिऊ व्हय? घसा दोघींचा बी हाय." सहाही रमजान ती शेडमागे जाऊन पाणी प्यायली. आणि भीमजयंतीला ती पांढरं लुगडं नेसून, चुंबक काढून ठेवून, मला घेऊन मिरवणुकीला जायची. चुंबकाशिवाय तिचा गळा भुंडा दिसायचा. मी तसं म्हटलं की हसायची.

तिच्या नवऱ्याबद्दल मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्याचा स्वतःचा ट्रक होता. मार्केट यार्डातून कांद्याच्या गोण्या भरून एका सकाळी निघाला तो परत आला नाही. ना अपघाताची खबर, ना चिठ्ठी. तेव्हा ती तिशीची होती. मूलबाळ नव्हतं. तिनं पोलिसात सांगितलं, यार्डात विचारलं, ड्रायव्हरांना विचारलं. नंतर विचारणं सोडून दिलं. निराधार बायकांच्या पगाराचा अर्ज भरायला गेली तेव्हा नवरा हयात की मयत असं विचारलं. ती म्हणाली, "मला म्हाईत असतं तर इथं कशाला आले असते?" आणि अर्ज तिथंच ठेवून घरी आली.

ती कधी रडगाणं गायली नाही. उलट त्याला शिव्या द्यायची, त्याही मजेदार. जेवताना भाजी बिघडली की म्हणायची, "त्याला घातली असती तर बरं झालं असतं." पण ट्रकची जुनी, जड, तांब्या-पितळेची जाळी आली की ती कुणाला हात लावू देत नसे. मला वाटायचं, जड असते म्हणून. किती दिवस मला तसंच वाटत होतं.

थंडीचे दिवस होते. शेठचा टेम्पो दौंडहून माल घेऊन आला. त्यात पाच-सहा जुने रेडिएटर होते. आत्यानं एक मोठा ओढला आणि वरच्या टाकीवरचा चिखल ब्रशनं झाडायला लागली. मी शेजारी एसीची जाळी सोडवत होते. ब्रशचा आवाज थांबला, म्हणून मी वर पाहिलं.

"पोरी, हिकडं ये. हे काय हाय बघ."

टाकीवर एक नाणं डाग देऊन बसवलं होतं. जुने चार आणे. असं करतात, टाकीला भोक पडलं आणि पत्र्याचा तुकडा नसला की नाणं लावून डाग मारतात.

"नाणं आहे. गळती बुजवलीय."

"त्या नाण्याला भोक हाय का बघ. माझ्या डोळ्याला नीट दिसंना."

तिच्या डोळ्यांना सगळं दिसायचं. मी ओढणीच्या टोकानं नाणं पुसलं. कडेला, कथलानं बुजलेला, जोंधळ्याएवढा गोल ठिपका होता.

"आहे, आत्या."

ती खाली बसली. मांडी घालून, जमिनीवर, हिरवं पाणी सांडतं म्हणून जिथं कधी कुणाला बसू द्यायची नाही तिथं.

ते नाणं तिच्या आईनं भोक पाडून तिच्या गळ्यात बांधलेलं होतं, ती रांगत होती तेव्हाचं. तो निघायच्या आदल्या दिवशी रेडिएटर गळायला लागला. डाग मारणाऱ्यानं पत्रा संपलाय म्हणून सांगितलं. तिनं गळ्यातला दोरा तोडून नाणं काढून दिलं. "म्हटलं, गाडी तापायला नको वाटंत," आत्या म्हणाली. "माझ्याच नाण्यानं गाडी थंड ठेवून गेला की गं तो."

शेठ आत आले. आत्यानं विचारलं, हा माल दौंडला कुणाकडून घेतला. शेठनं पाहिलं, नाण्याकडेही पाहिलं. मग म्हणाले, "आत्या, जुनं भंगार कुठून कुठं फिरतं. कशाला त्याच्यामागं जाता?"

"जाते," आत्या म्हणाली. "हिला संगं नेते. आमच्या दोघींचा खाडा धरा."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं निघालो. न्हावरा गेलं, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली, चौफुल्याला गाडी बदलली. आत्या खिडकीशी बसली होती. खाकी शर्ट घातला नव्हता; भीमजयंतीचं पांढरं लुगडं नेसली होती. साऱ्या वाटेत एवढंच बोलली: "साठ किलोमीटर. मी हैद्राबादपातूर मनानं जाऊन आले."

दौंडच्या भंगारवाल्यानं पाण्याचे टँकर चालवणाऱ्या एका माणसाचा पत्ता दिला. त्या माणसानं खुर्च्या टाकल्या आणि आठवून सांगितलं. ट्रक त्यानंच घेतला होता, फार वर्षांपूर्वी, आणि त्याचा टँकर केला होता. ज्यानं विकला तोच पुढं टँकरवर ड्रायव्हर म्हणून राहिला. "चांगला माणूस. गेला बिचारा, दोन वर्षं होतील आता. छातीत दुखायचं निमित्त झालं. बायको हाय त्याची, रेल्वे लायनीच्या अलीकडं. तुम्ही कोण त्याच्या?"

आत्या म्हणाली, "रेडीटरची चौकशी करायची हुती."

 मी म्हटलं, "आत्या, कळलं ना सगळं? चल परत जाऊ." तिनं ऐकलं नाही. विचारत विचारत आम्ही ते घर गाठलं. दोन खोल्या, दारात तुळस नव्हती की रांगोळी नव्हती, पण अंगण झाडलेलं होतं. दारात एक किडकिडीत बाई, आत्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, चौकटीला हात लावून उभी होती.

"कोण हाय?" तिनं विचारलं. आम्ही दोन हातांवर उभ्या होतो.

"शिरूरची हाय," आत्या म्हणाली.

त्या बाईनं चौकटीवरचा हात काढला. मग दारातून बाजूला झाली. "या आत. मला वाटायचंच, कवातरी तुम्ही याल."

आत भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो होता. आत्यानं तो जवळ जाऊन पाहिला. टक्कल पडलेला, गाल बसलेला एक साधा माणूस. "म्हातारा झाला हुता," एवढंच ती म्हणाली.

त्या बाईनं आपण होऊन सांगायला सुरुवात केली. लग्नाच्या वेळी त्यानं तिला काही सांगितलं नव्हतं. मुलगी झाल्यावर सांगितलं. ती भांडली, माहेरी गेली, परत आली. "तुम्हाला लई भ्यायचे," ती म्हणाली. "शिरूरकडची कांद्याची गाडी दिसली की कामावर जायचे न्हाईत. पोट दुखतंय म्हणून घरात बसून राह्यचे. मीच टँकरवाल्याला निरोप द्यायची."

आत्या हसायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, मग पदर तोंडात धरून. "सत्तावीस वर्षं पोट दुखलं त्याचं!" ती बाईसुद्धा हसायला लागली. मी दोघींच्या मधे बसले होते. हसता हसता आत्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. त्या बाईनं चाचपडत हात पुढं केला. तो आत्याच्या खांद्याऐवजी माझ्या गुडघ्यावर पडला.

तेव्हा आमच्या ध्यानात आलं. साखरेच्या आजारानं तिचे डोळे गेले होते. नुसता उजेड-अंधार कळत होता. लेक सोलापूरकडं दिलेली.

नको नको म्हणताना तिनं चहा केला. मी एक घोट घेतला आणि थांबले. साखरेच्या जागी मीठ पडलं होतं. मी तोंड उघडणार तोच आत्यानं मला जोरात चिमटा काढला. स्वतःचा कप तिनं सावकाश संपवला, मग माझाही घेतला आणि तोही संपवला. "चांगला झालाय च्या," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत ती नवऱ्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. पारगावच्या पुलावर आलो तेव्हा म्हणाली, "तिला दिसत न्हाई गं. चुलीपाशी काय करत असंल एकटी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली आणि सरळ शेठपुढं उभी राहिली. "तुम्हाला म्हाईत हुतं?"

शेठ खाली बघत म्हणाले, "यार्डातल्या सगळ्यांनाच माहीत होतं, आत्या. कुणाच्या तोंडानं सांगायचं? मग वर्षं गेली आणि सांगायची लाजच वाटायला लागली."

ती माझ्याकडं वळली. "तुला?"

"नाही आत्या. खरंच नाही."

"मग बस कामाला."

तिनं तो रेडिएटर पुढं ओढला. शेठ म्हणाले, राहू द्या, घरी न्या. तिनं मान हलवली. लोखंडी पट्ट्या उडवल्या, टाक्या सुट्या केल्या, जाळीतला चिखल आकड्यानं उकरून उकरून काढला. काय निघालं ते तळहातावर घेऊन बघितलं नाही. नाणं टाकीसकट पितळेत टाकलं. मी काढून घेते म्हटलं तर म्हणाली, "पितळेला डागलंय, पितळेतच राहू दे. लई वागवलं ते."

पुढच्या रविवारी ती दौंडला गेली. त्याच्या पुढच्या रविवारीही. सोमवारी आली की मला तिकडच्या गोष्टी सांगायची. तिनं त्या बाईच्या डब्यांना सुतळ्या बांधल्या होत्या: मिठाला एक गाठ, साखरेला दोन, चहाच्या पुडीला तीन. "हाताला कळतं तिच्या. हुशार हाय. पण हट्टी! माझ्याशी वाद घालती, भाकरी अशी थापतात म्हणून. मला शिकवती!" हे सांगताना तिचा चेहरा उजळायचा. आणि मला, खरं सांगते, थोडं दुखायचं. रविवार सोडून बाकीचे सहा दिवस आत्या माझी होती. मला ते पुरेसं वाटत होतं.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा एका शनिवारी तिनं गळ्यातलं चुंबक काढलं आणि माझ्या गळ्यात घातलं. "मी आता तिकडंच राहते," म्हणाली. मी विचारलं, का? तुझं कोण लागतं ते? ती रागावली नाही. बरंच आठवून बघावं तसं तिनं केलं आणि म्हणाली, "त्याला दोघींनी बी बघितलंय. आता तेवढं बोलायला तीच एक हाय."

ती गेल्यावर कोपरा माझ्याकडं आला. मीही कधी कधी जाळी उन्हाकडं धरते. मला माती दिसते, पाचट दिसतं, पाखरं दिसतात. गाव मात्र दिसत नाही. दुपारी पाणी पिताना मान आपोआप शेडमागं वळते. फोनवर ती फार बोलत नाही; "जेवलीस का" आणि "हात सांभाळ" एवढंच म्हणते आणि फोन कसा बंद करायचा हे विसरते. मग मला त्या दोघींचं पलीकडचं भांडण ऐकू येत राहतं. मीही फोन ठेवत नाही. ऐकत बसते.

गेल्या दिवाळीनंतर मला राहवलं नाही. एसटीत बसले. साऱ्या वाटेत एकच वाक्य घोकत होते: आत्या, परत चल. तुझं घर सुटलं असेल तर माझ्या घरी राहा. माझी अम्मीही हो म्हणालीय. दौंडला पोचले तर दोघी अंगणात उन्हात बसल्या होत्या. आत्या तिचे केस विंचरत होती आणि ती ओरडत होती, "अवो, हळू! रेडीटर हाय का माझं डोकं?" मला बघून आत्या उठली, माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले, कुठं कापलंय का ते. मग मला जेवायला वाढलं. तिघी जेवलो. मी वाक्य काढणार होते. ते पहिल्या घासाबरोबर गेलं, दुसऱ्याबरोबर गेलं.

निघताना ती मला स्टँडपर्यंत सोडायला आली. रस्त्यात म्हणाली, "तू काय इचारायला आलीयास ते मला कळलं. इचारू नको. मी न्हाई म्हनंन, मग दिवसभर दोघींना बी गोड लागायचं न्हाई."

"बरं," मी म्हटलं.

गाडी लागली होती. मी खिडकीशी बसले. ती खाली उभी राहून माझ्या बोटांना धरून होती. कंडक्टरनं घंटी मारली, तशी तिनं हात सोडला. मी मान बाहेर काढून बघत राहिले, ती हात करील म्हणून. पण ती वळली होती. लुगड्याचा काष्टा एका हातानं सावरत, रिक्षांच्या मधून वाट काढत, जवळजवळ पळत होती. सहा वर्षांत मी तिला घाईत पाहिलं नव्हतं. घरी तिची कुणीतरी वाट बघत होतं.